क्रम्बल की अख्खं भाजलेलं सफरचंद?

दोन्ही इंग्लंडच्या घरगुती स्वयंपाकातले गोड पदार्थ. क्रम्बल म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर मैदा, साखर, बटरचा चुरा पसरून भाजलेला पदार्थ. ओव्हन १८० अंशांवर, वेळ साधारण ४० मिनिटं, इथपर्यंत सारखंच.

अख्ख्या सफरचंदात खटाटोप कमी. गाभा कोरायचा, पोकळीत मनुका, ब्राऊन शुगर, दालचिनी आणि बटरचा तुकडा भरायचा. कमरेभोवती सुरीने सालीला चीर मात्र हवीच, नाहीतर वाफेने साल कुठेही फाटते. दोघांपुरतं करायचं तर हेच बरं.

क्रम्बलची खरी गंमत वरच्या खुसखुशीत थरात. १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम साखर आणि ७५ ग्रॅम फ्रीजमधलं गार बटर बोटांच्या टोकांनी चोळायचं, रवाळ झालं की थांबायचं. बटर मऊ पडलं की चुऱ्याऐवजी कणकेसारखा गोळा होतो. इंग्रज यासाठी आंबटढाण ब्रॅम्ली सफरचंद घेतात. शिजल्यावर त्याचा मऊ लगदा होतो. आपलं लाल डिलिशस नुसतंच गोडमिट्ट, त्यामुळे हिरवं, आंबट ग्रॅनी स्मिथ शोधा, नाहीतर सढळ हाताने लिंबू पिळा.

माझं मत क्रम्बललाच. आदल्या दिवशीचा चुरा फ्रीजरमध्ये छान टिकतो, पाहुणे जेवायला बसले की भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं. वर कस्टर्ड, तेही गरमच.