तोंडी ‘हेलियम’, बिलावर ‘गॅस फुगे’

लेकीचा दुसरा वाढदिवस होता. केक टेबलावर आला होता, मेणबत्त्या खोचून झाल्या होत्या आणि वहिनीने काडेपेटी हातात घेतली होती. तेवढ्यात दादा दारातून ओरडला, “थांब, पेटवू नकोस!” दादा एरवी आवाज चढवणारा माणूस नाही. वहिनीने काडेपेटी तशीच खाली ठेवली. टेबलाच्या वर छताला टेकून साठेक फुगे होते आणि त्यांच्या रिबिनी मेणबत्त्यांपासून हातभर अंतरावर लोंबत होत्या.

दादा वेल्डिंगचं काम करतो. हॉलच्या मागे फुगे भरणारा मुलगा रिकामा सिलिंडर टेम्पोत चढवत होता, ते दादाने जाता जाता पाहिलं. सिलिंडरवर कसलंही लेबल नव्हतं, जुन्या रंगावर नवा रंग फासलेला होता. पण त्याची नजर गेली ती जोडणीच्या नटाकडे. नटाच्या कडांना खाचा होत्या. अशा खाचा म्हणजे आटे उलटे, आणि उलटे आटे ठेवतात ते जळणाऱ्या गॅसला, म्हणजे कुणी चुकून भलतीच नळी जोडू नये. दादा रोज अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरला अशीच जोडणी करतो. आम्ही फुगे सांगितले होते हेलियमचे. हेलियम जळत नाही, त्यामुळे त्याला हे आटे असायचं कारणच नाही. दादाने त्या मुलाला विचारलं, “यात काय आहे रे?” तो म्हणाला, “काका, मला भरून देतात, मी फुगवतो. नाव नाही माहीत.”

पुढची पाच मिनिटं मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. दादाने आधी सगळी मुलं बाहेर काढली. कुणालाही दिव्या-पंख्याच्या बटणांना हात लावू दिला नाही. दारं-खिडक्या सताड उघडल्या. मग तो आणि माझा नवरा थोडे थोडे फुगे मागच्या मोकळ्या जागेत नेऊन, आसपास कुणी सिगारेट ओढत नाही ना हे बघून, एकेक गाठ सोडत राहिले. लेक आजीच्या कडेवरून ते बघत होती आणि दर फुग्याला विचारत होती, “गेला?”

हे सविस्तर लिहितेय, कारण पैसे बुडाले एवढंच सांगितलं तर लोक हळहळतात आणि विसरतात. माझे पैसे बुडालेच. पण मी ज्या वस्तूचे पैसे दिले होते तिच्या जागी दुसरी वस्तू आली, ती दिसायला हुबेहूब तशीच होती, आणि ती वीस लहान मुलांच्या डोक्यावर टांगली गेली.

फुग्यांत हेलियमच्या जागी भरला जातो तो जळणारा हायड्रोजन. हेलियम आणि हायड्रोजन दोघांनाही रंग नाही, वास नाही. दोघांनीही फुगा सारखाच वर जातो. हेलियम काही ठरावीक नैसर्गिक वायूच्या साठ्यांतून वेगळा काढावा लागतो, म्हणून तो महाग. हायड्रोजन स्वस्तात होतो. काही फुगेवाले तर ड्रममध्ये रसायनं घालून तो स्वतःच तयार करतात. हवेत त्याचं प्रमाण साधारण 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी तो पेट घेऊ शकतो. त्याला मेणबत्तीच लागते असंही नाही. कपडे एकमेकांवर घासून जी बारीक ठिणगी उडते, तेवढीही पुरते. फुगे जुडीत बांधलेले असतील तर एका फुग्याची आग शेजारच्याला लागायला वेळ लागत नाही. 1937 साली हिंडेनबर्ग हे गॅसवर तरंगणारं महाकाय हवाई जहाज (झेपेलिन) अमेरिकेत उतरताना पेटलं आणि 36 माणसं गेली. ते मुळात हेलियमसाठी आखलेलं होतं. पण अमेरिकेने हेलियम देशाबाहेर द्यायला बंदी घातली होती, म्हणून त्यात हायड्रोजन भरला होता. दादाने त्या संध्याकाळी मला हे सांगितलं तेव्हा मी नुसती ऐकत बसले होते.

आता हे फुगे देणारा सजावटवाला माझ्या घरात शिरला कसा, ते सांगते.

मी चार जणांना फोन केले होते. तिघांनी पहिला प्रश्न विचारला, बजेट किती? याने विचारलं, “ताई, बाळाची दुपारची झोप किती वाजताची असते?” त्या एका प्रश्नावर मी निम्मी त्याची झाले. मग तो म्हणाला, कार्यक्रम झोप झाल्यावर ठेवा, दीड-दोन तासांच्या वर नेऊ नका, या वयाची मुलं त्यापुढे किरकिरी होतात. मुखवटा घातलेला माणूस बोलावू नका, मुलं घाबरतात. गाणी हळू लावा. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आजही मी कुणाला सल्ला दिला तर हाच देईन.

फुग्यांबद्दलही तो जे बोलला ते खरंच होतं. रबरी फुगे मुलांच्या हाती लागतील असे ठेवायचेच नाहीत, असं तो म्हणाला. फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या फुग्याचा तुकडा मूल तोंडात घालतं आणि तो घशात चिकटून बसतो. फुग्यांच्या पाकिटांवर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी हा इशारा छापलेला असतो, हे मी नंतर स्वतः पाहिलं. “म्हणून आपण सगळे फुगे वर ठेवू,” तो म्हणाला. “हेलियमचे. दुसरं आम्ही वापरतच नाही.” म्हणजे जमिनीवरच्या फुग्यांची खरी भीती दाखवून त्याने मला छतावरचे फुगे विकले. काळजी घेणाऱ्या आईबापांना फसवायला खोटं फार बोलावं लागत नाही. खऱ्या नऊ गोष्टी सांगायच्या आणि दहावी आपली घुसवायची.

त्याने पाठवलेल्या कामांच्या फोटोंपैकी एक नंतर मी इंटरनेटवर इमेज सर्चमध्ये टाकून पाहिला. तो तीन वेगवेगळ्या सजावटवाल्यांच्या पानांवर निघाला. त्यात मागच्या भिंतीवर एक प्लगचा सॉकेट दिसतो आणि तो आमच्याकडे असतो तसा नाहीच. फोटो पहिल्यांदा आला तेव्हा मी फक्त रंगसंगती बघितली होती.

कोटेशन आलं. त्यात लिहिलं होतं: ‘गॅस फुगे 60, लाइटिंग फुगे 10, प्ले एरिया, अटेंडंट 1, रिटर्न गिफ्ट 20.’ फोनवर ‘हेलियम’ म्हणणाऱ्याने कागदावर ‘गॅस’ लिहिलं होतं, आणि मी ते एकच समजले. पुढे सगळं अडलं ते या एका शब्दावर. मी भांडायला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “ताई, गॅस लिहिलंय, गॅसच दिलाय.” फोनवरचं बोलणं माझ्याकडे कुठे होतं?

निम्मी रक्कम ठरवताना दिली. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला, उरलेली रक्कम आजच भरा, नाहीतर सामान गोदामातून निघत नाही. तोवर आमंत्रणं गेली होती, आजी-आजोबा निघाले होते. ज्या खात्यात पैसे टाकायला सांगितले ते त्याच्या व्यवसायाच्या नावाचं नव्हतं, त्याच्याही नावाचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, पुतण्याचं खातं आहे, हिशोब तोच बघतो. मी भरले. नवरा नको म्हणत होता, मी त्याचं ऐकलं नाही.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात सांगते. ‘अटेंडंट’ म्हणजे लहान मुलांना सांभाळायची सवय असलेली ताई येणार होती. आला तो फुगे भरणारा मुलगाच. रिटर्न गिफ्टच्या पिशव्यांत मण्यांच्या माळा आणि चाकं सहज निघतील अशा गाड्या होत्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कोणताही भाग सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावला तर तो घशात अडकण्याएवढा लहान समजतात. घरी टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी घेऊन बघा, ती त्याहून जरा मोठीच असते, त्यामुळे चूक झाली तरी सुरक्षित बाजूची होते. त्या पिशव्यांतल्या निम्म्याहून अधिक वस्तू त्या नळीतून खाली पडल्या.

लाइटिंगच्या फुग्यांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. त्या फुग्यांच्या आत एक बारीक दिवा असतो आणि त्याला बटणासारखी चपटी बॅटरी असते. फुगा फुटला की ती जमिनीवर येते. असा एक दिवा मला टेबलाखाली सापडला. त्याचं झाकण उघडलेलं होतं. दोन बॅटऱ्या असायला हव्या होत्या, एकच होती. दुसरी शोधताना आम्ही सगळे गुडघ्यांवर होतो. ही बॅटरी मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि मूल सुरुवातीला खोकणं, लाळ गळणं याखेरीज काही दाखवतही नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढायचा असतो. आमची दुसरी बॅटरी खुर्चीच्या पायाशी मिळाली. ती मिळेपर्यंतची दहा मिनिटं मला कुणावरही येऊ नयेत असं वाटतं.

कार्यक्रमानंतर तीन दिवस त्याने फोन उचलला नाही. मी तक्रार करणार असा मेसेज टाकला तेव्हा लगेच उत्तर आलं, आणि सूर पुन्हा पहिल्यासारखा गोड. “ताई, तुमचं मन दुखावलं, पैसे परत करतो. हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका, रक्कम जमा होईल.” मी फोन हातात घेऊन कोड स्कॅनही केला होता. पडद्यावर रक्कम आली आणि खाली लिहिलं होतं ‘पैसे द्या’. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त देताना लागतो. हे मला माहीत होतं. तरीही पैसे परत मिळणार या आशेने बोट आकड्यांवर गेलं होतं. ज्याला एकदा फसवलं त्याला परताव्याच्या नावाने पुन्हा फसवायचं, ही यांची ठरलेली दुसरी खेळी आहे. म्हणून हे फक्त बुकिंग करणाऱ्यांनी वाचू नये, ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनीही वाचावं.

मी पिन टाकला नाही, तेव्हा त्याने आमच्या गप्पांतले त्याचे बरेच मेसेज पुसून टाकले. कोटेशनचा आणि खात्याच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, तेवढाच वाचला. बँकेत सांगितलं गेलं की रक्कम तुम्ही स्वतः, स्वतःच्या पिनने पाठवली आहे, त्यामुळे ती परत आणणं अवघड आहे. तरी तक्रार नोंदवून घेतली. पोलिसांकडेही लेखी दिलं आहे. तिथे मी पैशांच्या आधी सिलिंडरबद्दल लिहिलं. दादाने काढलेला नटाचा फोटो जोडला आहे. तो फुगे भरणारा मुलगा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तो दिवसभर त्या सिलिंडरशेजारी उभा असतो आणि त्यात काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

एक विनंती. गॅस कोणता हे ओळखायला कुणी फुग्याजवळ लायटर धरू नका. आणि आवाज बारीक होतो का बघू म्हणून गॅस तोंडाने ओढूही नका, हेलियमनेसुद्धा फुप्फुसातला ऑक्सिजन हटून माणूस बेशुद्ध पडू शकतो. लेबल नसलेला सिलिंडर दिसला तर फुगे घेऊ नका, एवढं पुरे. साध्या हवेचे फुगे उंच दोरीवर बांधले तरी वरच राहतात. यंदा भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही तेच केलं आणि दोरी खुर्चीवर चढूनही मुलांच्या हाताला लागणार नाही एवढी उंच बांधली.

परवा माझ्या नणंदेच्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा मुलगा दोन वर्षांचा होतोय, एक सजावटवाला फार समजूतदार वाटला म्हणाली, त्याने आधी मुलाच्या झोपेची वेळ विचारली. मी नंबर विचारला. तोच होता. मी तिला काही समजावत बसले नाही, फक्त एक मेसेज लिहून दिला आणि तो जसाच्या तसा पाठव म्हटलं:

‘फुग्यांमध्ये फक्त हेलियम असेल, हे बिलावर त्याच शब्दात लिहून द्या. सिलिंडर पुरवठादाराच्या लेबलसह येईल आणि फुगे भरण्याआधी आम्ही तो बघू. बॅटरीचे फुगे नकोत. उरलेली रक्कम सामान बघून झाल्यावर, बिलावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात देऊ.’

मेसेज त्याने वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.