पहाटेचे फिरणे, योगवर्ग की घरचे तोलाचे व्यायाम?

घरातील सत्तरीपलीकडच्या माणसाचा तोल जाऊ लागला, की सोलापुरात पहिला सल्ला मिळतो तो सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात किंवा हुतात्मा बागेत पहाटे फिरण्याचा. या सल्ल्यात खोट नाही. फिरण्याला खर्च नसतो, ओळखीची माणसे भेटतात आणि रक्तदाब व मधुमेह यांवर त्याचा उपयोग होतो. मात्र पडणे टाळणे हाच मुख्य हेतू असेल, तर केवळ फिरण्यावर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही.

डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांपासून सांध्यांपर्यंतच्या संवेदना यांच्या मेळातून तोल सांभाळला जातो. वयोमानाने हा मेळ मंदावतो, मांड्यांतील बळ घटते आणि जुन्या मधुमेहात तर तळपायही बधिर होतात. सपाट वाटेवर सवयीच्या चालीने चालताना या यंत्रणेला फारसे आव्हान मिळत नाही, आणि आव्हानाशिवाय तोल सुधारत नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. तोलाचे आणि स्नायुबळाचे व्यायाम एकत्र केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी, तर ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाने १९ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. केवळ चालण्याबाबत मात्र ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

योगवर्गाचे मोल शिक्षक काय करून घेतात यावर ठरते. वृक्षासन, ताडासन, वीरभद्रासन अशी उभ्याने करायची आसने भिंतीजवळ करून घेतली, तर तोलाचा खरा सराव होतो. सारा तास प्राणायाम आणि बैठ्या आसनांत गेला, तर मन शांत होईल, पण पाय होते तसेच राहतील. प्रवेश घेण्यापूर्वी एक तास पाहून यावा.

घरी करायच्या व्यायामांत न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात आखलेला कार्यक्रम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. फिजिओथेरपिस्टने घरी येऊन शिकवायचे आणि मग आठवड्यातून तीनदा, सुमारे अर्धा तास, घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, टाचेला अंगठा लावत एका रेषेत चालणे असे व्यायाम करायचे, अशी त्याची रचना आहे. (आयुष्यभर यंत्रमागावर उभे राहिलेल्या माणसाला ‘उभे राहण्याचा कसला व्यायाम?’ असे वाटणे साहजिक आहे. त्याला एका पायावर उभे राहून पाहायला सांगावे.) आधी ओट्याला दोन्ही हात धरावेत, मग एक हात, मग केवळ बोट, आणि कोणीतरी शेजारी उभे असावे. एप्रिल-मे महिन्यांत उकाड्यामुळे फिरणे अंधारातच उरकावे लागते. घरच्या व्यायामांत तसा खंड पडत नाही. कंटाळा हा मात्र त्यांचा मोठा दोष आहे आणि तेथे वर्ग सरस ठरतो.

निवडीसाठी एक पाहणी करता येते. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापुढे लावून, शेजारी कोणी असताना पण आधार न घेता, १० सेकंद उभे राहता येत असेल आणि वर्षभरात पडणे झाले नसेल, तर उभ्या आसनांचा वर्ग आणि जोडीला फिरणे चालेल. तसे जमत नसेल किंवा एकदा पडणे झाले असेल, तर फिजिओथेरपिस्टकडून घरचे व्यायाम शिकून तेच आधी सुरू करावेत. उठताना चक्कर येत असेल, तर त्याआधी रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.