पक्ष्यांची टपाल तिकिटं जमवावीत की १९४९ ची मालिका? डुप्लिकेट विकायच्या असतील तर

‘मिळेल ते तिकीट’ जमवणं सोडून एकच विषय धरायचा आणि जास्तीची तिकिटं विकून पुढच्या खरेदीचा थोडा भार हलका करायचा, असा विचार असेल तर विषय निवडतानाच विक्रीचाही अंदाज घ्या.

पक्ष्यांपासून सुरुवात सोपी. १९६८ चा चार तिकिटांचा संच, १९७५ चा चारांचा, १९९६ ची सलीम अलींची जोडी घेतली की पान दिसायला लागतं, घरचेही कौतुकाने बघतात. पण जास्तीचा माल इथे पडून राहतो. अलीकडच्या कोऱ्या तिकिटांची शीटं साठवलीत, तर घेणारा बरेचदा तिकिटावर छापलेल्या किमतीच्याही खाली मागतो, कारण त्याच्या कपाटात तेच असतं. त्यापेक्षा ती पत्रांवर डकवून टपालासाठीच वापरलेली बरी. १९९४ चा मागे घेतलेला पाणपक्ष्यांचा संच याला अपवाद आहे, पण तो जास्तीचा असायला आधी एक तरी हवा ना!

१५ ऑगस्ट १९४९ ला आलेल्या पुरातत्त्व मालिकेत तिकिटं मोजून सोळा : ३ पैची अजिंठ्याची पट्टी, ९ पैची त्रिमूर्ती, असं करत १५ रुपयांच्या पालिताण्यापर्यंत. संच वरवर पुरा करणाऱ्याला ही मालिका लवकर संपल्यासारखी वाटेल. खरी मजा खालच्या किमतींत आहे. वापरलेली तिकिटं लॉटमध्ये घ्या आणि एक आण्याचे बोधिसत्त्व वेगळे काढा. आधीच्या तिकिटावर चित्र उलटं छापलं गेलं, त्यामुळे डावा हात पुढे आहे. १९५० मध्ये ते सुधारून उजवा हात आला. मग भिंगाखाली शिक्के वाचा. दोन आण्यांचा नटराज ढिगाने निघतो, त्याला कोणी विचारत नाही; पण त्याच्यावर एखाद्या लहान गावाचा किंवा आरएमएसचा (रेल्वे टपाल सेवेचा) शिक्का तारखेसकट स्वच्छ उमटला असेल, तर त्या जिल्ह्याचे शिक्के जमवणारा तो आवडीने घेतो. तुमची डुप्लिकेट ती त्याची गरज.

मोठ्या रकमांत मात्र जपून. १० आणि १५ रुपयांची कोरी तिकिटं महाग, आणि मागे नव्याने गोंद लावलेलीही फिरतात. वापरलेल्यांवर तारघराचा शिक्का असेल, म्हणजे तिकीट पत्राऐवजी तारेसाठी वापरलेलं असेल, तर टपालाच्या शिक्क्याचा भाव देऊ नका.

कॅटलॉगमधली किंमत हातात पडेल असं दोन्हीकडे धरू नका; व्यापारी तिचा लहानसा भागच देतो. अदलाबदलीत जास्त पदरात पडतं. वेळ कमी आणि चित्रांची हौस जास्त असेल तर पक्षी घ्या, विक्रीचा नाद सोडा. संध्याकाळी तासभर बसायची तयारी असेल तर माझं मत मालिकेला. विकताना मागच्या बाजूचाही फोटो द्या, हिंजची (तिकीट वहीत चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण लपवू नका. आणि अख्खं पाकीट हाती आलं तर तिकीट भिजवून काढू नका, पाकीट तसंच विका.