काम अडलंय : तक्रार टाकू की माहिती अधिकार?

तहसीलमध्ये काम अडलं की सल्ले दोनच मिळतात. ‘आपले सरकारवर, म्हणजे राज्याच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार टाक’, नाहीतर ‘माहिती अधिकार टाक’, म्हणजे कार्यालयातल्या कागदांच्या प्रती माग. मी एकाच कामासाठी दोन्ही टाकले, याच क्रमाने.

काम म्हणजे वडील गेल्यानंतरची वारस नोंद. अर्ज दिला, फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) धरला गेला, नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस सरले, हरकत कुणाचीच नाही. तरी पाच महिन्यांनंतरही सातबाऱ्यावर वडीलच. तलाठ्यांना विचारावं तर प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडे, मंडळ अधिकाऱ्यांना विचारावं तर ‘आमच्याकडे आलंच नाही’.

तक्रार करणं सोपं, यात वाद नाही. घरबसल्या, मोबाइलवर, टोकन क्रमांक हातात. बंद पडलेला दिवा, तुंबलेलं गटार अशा कामांत मी आजही तक्रारच करतो. दिवा का बंद होता याच्या झेरॉक्स घेऊन करायचं काय?

मला वैताग आणला तो एका शब्दाने : ‘निकाली’. तीन आठवड्यांनी तक्रारीची स्थिती बदलली म्हणून आनंदाने उघडली, तर आत एकच ओळ. ‘आपली तक्रार उचित कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आली आहे.’ आणि वर शेरा, निकाली. म्हणजे कागद पुढच्या टेबलावर सरकला की आधीच्या टेबलापुरतं काम संपलं. पुन्हा टाकली. या खेपेला ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच गेली आणि पुन्हा निकाली. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर ऑगस्ट २०२४ मध्ये मुदत ३० वरून २१ दिवसांवर आणली, ते चांगलंच झालं. पण मुदत तक्रार बंद करण्याची असते, काम करण्याची नव्हे, असा माझा समज झालाय. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

मग माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, जोडपत्र ‘अ’ भरलं, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. आवक-जावकच्या बाईंनी अर्ज पूर्ण वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘दादा, तिकीट नीट चिकटवा, निघालं तर अर्ज परत येईल.’ पोचेवर शिक्का घेतला.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘वर्ग केला’ म्हणजे सुटका नाही. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर ५ दिवसांत अर्ज तिकडे पाठवून तुम्हाला कळवावं लागतं आणि तिथल्या अधिकाऱ्याची मुदत सुरू होते. विनाकारण ३० दिवस ओलांडले तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तेही त्या अधिकाऱ्याच्या खिशातून. दंड होतो क्वचितच. पण माहिती देण्याची जबाबदारी असलेल्या जन माहिती अधिकाऱ्याला तो आकडा पाठ असतो.

अर्जाच्या मसुद्यात मी आधी लिहिलं होतं, ‘माझी नोंद का प्रलंबित आहे?’ ओळखीच्या एका निवृत्त अव्वल कारकुनांनी ते वाक्य खोडलं. ‘का’ विचारलं की ‘ही बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर ठरलेलं. दप्तरात आहे तेवढंच मागायचं. म्हणून मागितलं : माझ्या प्रकरणावरच्या टिपणीची प्रत, प्रकरण कोणत्या तारखेला कोणाकडे आलं-गेलं त्या नोंदवहीची प्रत आणि ते हाताळणाऱ्यांची पदनामं. महाराष्ट्रात एक विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे, तिचा मला आधी राग यायचा. इथे साठ शब्दांत भागलं.

२४ व्या दिवशी फोन आला. ‘नोंद प्रमाणित झालीय, आता अर्ज मागे घेता का?’ घेतला नाही. तीन पानं आली, पानाला २ रुपये. टिपणीवर पहिली नोंद पाच महिन्यांपूर्वीची, दुसरी माझा अर्ज पोचल्यानंतर तिसऱ्या दिवसाची. मधे कोरं.

आता दुसरी बाजूही सांगतो. माहिती अधिकार कागद देतो, काम करून देत नाही. माझं झालं ते कागद द्यावा लागेल या धास्तीने, असं मला वाटतं. उत्तरच आलं नाही तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे, आणि तिथे नंबर लागेपर्यंत वर्ष सहज जातं. शिवाय तलाठी गावात रोज भेटतात, त्यांच्याशी वाकडं घेणं सगळ्यांना परवडत नाही. दाखल्यासारखी अधिसूचित सेवा अडली असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा, तो रस्ता जवळचा.

सध्या चुलतभावाची वारस नोंद तशीच लटकली आहे. तो म्हणतो, आधी तक्रार टाकून बघू. टाकू दे. मी तिकीट आणून ठेवलंय.