डॉक्टरांना पाच स्टार, रिसेप्शनला दोन (व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांची ओपीडी, ठाणे)

आधीच सांगतो, वेटिंगने डोकं फिरतं. अपॉइंटमेंट साडेदहाची, आत गेलो सव्वाबाराला आणि काउंटरवरच्या मॅडम सगळ्यांनाच "आता तुमचाच नंबर" म्हणतात.

पण डॉक्टर एक नंबर. आईला दाखवायचं होतं, वय ६४, अंगाने बारीक, हातावरच्या नसा टरारून वर आल्यात. सोसायटीतल्या बायकांनी डोक्यात भरवलं की बीपी वाढलंय, रक्त घट्ट झालंय, आणि त्यात मावशीचं डायलिसिस चालू आहे, तिच्या हातावर ती डायलिसिससाठी केलेली जाडजूड नस (फिस्टुला) बघून आईला वाटायला लागलं की आपलंही तसंच होणार.

डॉक्टर म्हणाले, काकू, हात डोक्याच्या वर धरा बरं. काही सेकंदात नसा सपाट! खाली घेतला की परत भरल्या. हात वर करूनसुद्धा तट्ट फुगलेल्याच राहिल्या असत्या तर हार्ट तपासायला लागलं असतं, म्हणाले. मग मनगटाच्या वरची एक नस बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त कोपराकडे सारलं, तर मधला तुकडा रिकामाच, वरून रक्त उलटं येईचना. आत झडपा असतात म्हणे, विल्यम हार्वे नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टरने १६२८ मध्ये हेच दाखवलं होतं. आई चष्मा लावून बघत बसली, मीपण.

बाकी कारण साधंच, वयाने कातडी पातळ होते, खालची चरबी कमी होते, उन्हाळ्यात नसा अजून फुगतात. जिमवाल्या पोरांच्या दिसतात त्याही चरबी कमी आणि स्नायू फुगलेले म्हणून. बीपी धमन्यांमधलं मोजतात, हातावरच्या शिरा बघून ते कळत नाही (तरी पट्टा लावून मोजलंच, नॉर्मल आलं). आणि मावशीची फिस्टुला म्हणजे ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडलेली असते, ती शीर मुद्दाम जाड होऊ देतात. हे ऐकल्यावर आईचा चेहराच बदलला.

डॉपलर (नसांमधलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी) करू का विचारलं तर "कशाला पैसे घालवताय?" असं सरळ बोलणारे डॉक्टर हल्ली कुठे मिळतात सांगा. नसा बारीक करायची इंजेक्शनं असतात, पण उद्या सलाईन लावायला ह्याच शिरा लागतात तेव्हा नुसत्या दिसण्यासाठी नको म्हणाले. फक्त एकच हात अचानक सुजला, निळसर पडला, जड होऊन दुखायला लागला तर त्याच दिवशी दाखवायचं, गुठळी असू शकते. सलाईननंतर नस लाल, गरम, दोरीसारखी कडक झाली तरी दाखवून घ्यायचं.

फी ८००, कार्ड घेत नाहीत, यूपीआय चालतं. पार्किंग नाही, रिक्षानेच जा आणि शक्यतो सकाळचा पहिला स्लॉट मागा.