विष बाहेर पडतंय

मी पतसंस्थेत कर्जविभागाला कारकून आहे. सही करण्याआधी खालचं बारीक अक्षर वाचा, असं सभासदांना दिवसातून दहादा सांगते. आणि माझ्याच पर्समध्ये घडी घालून ठेवलेल्या एका कागदाच्या तळाची ओळ मी आठ महिने वाचली नाही. ती न वाचण्याचे दोन लाख चौदा हजार गेले. त्यात सासूबाईंच्या पाटल्याही आल्या.

मुलगा साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. शब्द नाही, हाक मारली तर वळणं नाही, मिक्सर लावला की कान झाकून पलंगाखाली. सांगलीतल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं होतं की औषधाने जाईल असलं हे दुखणं नव्हे. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं करायला शिकवणारी) सुरू करा, बालवाडीच्या बाईंना विश्वासात घ्या, घरी रोज सराव घ्या. शब्दन् शब्द खरा होता. मला त्यातलं 'जाणार नाही' एवढंच ऐकू आलं. रात्री दीड वाजता मोबाइलवर पुण्याच्या एका केंद्राची जाहिरात आली. त्यात एक मुलगा फाडफाड बोलत होता आणि खाली लिहिलं होतं, 'याला ऑटिझम होता'. मी नंबर भरला. सकाळी नऊला त्यांचाच फोन.

तिथल्या समुपदेशक बाईंनी आधी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. लशीतून पारा गेलाय पोराच्या अंगात." माझं चुकलं नाही, हे निदानानंतर पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं. घरात तर गरोदरपणात मी नोकरी सोडली नाही इथपासून सुरुवात झालेली. पैसे नंतर दिले, पण मी फसले ती त्या वाक्याला. (लशीचं हे खूळ 1998 च्या ज्या ब्रिटिश लेखामुळे पसरलं, तो लेख 2010 मध्ये मासिकाने मागे घेतला. त्यात आरोप होता गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर, आणि त्या लशीत पाऱ्याचं संयुग कधी नव्हतंच. हे मला फार उशिरा कळलं.)

मग 'जड धातूंची तपासणी', चौदा हजार. सकाळी दोन कॅप्सूल द्यायच्या आणि पुढच्या सहा तासांची लघवी जमा करायची. हातात भांडं घेऊन त्याच्यामागे घरभर पळताना मला हे सगळं फार शास्त्रीय वाटत होतं. रिपोर्ट परदेशी प्रयोगशाळेचा, रंगीत. शिसं आणि पारा, दोन्हींच्या पट्ट्या पार लाल भागात घुसलेल्या. बघून नवरा काही बोललाच नाही, बाहेर जाऊन उभा राहिला. त्याच दुपारी आम्ही दोन लाखांच्या वर्षभराच्या पॅकेजवर सही केली. कॅप्सूल, थेंब, पावडरी, गहू-दूध बंद आणि आठवड्याला व्हिडिओ कॉल. पावतीवर 'वेलनेस प्रोग्रॅम' लिहिलेलं. कुठल्याही कागदावर डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. कर्जाच्या फायलीत असा कागद आला असता तर मी परत पाठवला असता.

पुढचे महिने कसे गेले ते नीट सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. तिसऱ्या महिन्यात पोरगं 'पाणी' म्हणालं. केंद्राने आमच्याकडून व्हिडिओ मागवून घेतला. आता तो कुणाच्या मोबाइलवर रात्री दीडला दिसत असेल देव जाणे. त्याच महिन्यात बालवाडीच्या बाईंनी चित्रांची कार्डं सुरू केली होती, पेल्याचं चित्र दाखवल्याशिवाय त्या पाणी देत नव्हत्या. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी श्रेय कॅप्सूलला गेलं. पुढे त्याची झोप उडाली, भूक मेली, स्वतःला चावायला लागला. फोन केला तर, "छान! विष बाहेर पडतंय, ताई. डोस वाढवू." सुधारलं तर औषधाने, बिघडलं तरी औषध लागू पडतंय म्हणून. या हिशेबात औषध चुकलं असं कधी निघणारच नव्हतं. सहाव्या महिन्यात स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशी टोचण्याची, 'पुढची पायरी' निघाली, चार लाखांची. तेवढे पैसे नव्हते म्हणून वाचलो, शहाणपणाने नव्हे.

आठव्या महिन्यात ताप उतरेना म्हणून जुन्या डॉक्टरांकडेच गेलो. रक्तात पांढऱ्या पेशी कमी, यकृताचे आकडे वाढलेले. काय काय देताय, म्हणाले. मी पर्समधून तो रिपोर्ट काढला. त्यांनी लाल पट्ट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की शेजारी दिलेली सामान्य पातळी ही कोणतंही औषध न देता घेतलेल्या लघवीसाठी आहे.

त्या दोन कॅप्सूल म्हणजे शरीरातले धातू ओढून लघवीत उतरवणारं औषध. थोडंफार शिसं आणि पारा तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या अंगात असतो. ती कॅप्सूल घेतली तर डॉक्टरांचीही पट्टी लालच आली असती. शिशाची बाधा खरोखर असते, रुग्णालयात तिच्यावर असेच उपचार होतात, पण ती ठरते रक्ताच्या तपासणीने. ती केली. शिसं चिंतेजोगं नव्हतं. 2005 मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा याच जातीचं औषध शिरेतून देताना जीव गेला, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी माझ्या पोराचा हात धरून बसले होते. स्टेम सेलबद्दलही विचारलं. ऑटिझमसाठी ते देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच सांगितलंय म्हणे.

कॅप्सूल थांबवल्यावर दोन महिन्यांत रक्त ताळ्यावर आलं. केंद्राने पैसे परत द्यायला नकार दिला, सही केलेल्या कागदावर तसं कलम आहे म्हणे. तेही वाचलं नव्हतं.

आता जी थेरपिस्ट येते तिचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मी पहिल्याच दिवशी मागितला. ती हसली आणि फोनवर दाखवला. पुण्यात असाच क्रमांक मागितल्यावर त्यांनी विषय बदलला, तेव्हाच मी उठायला हवं होतं. सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं, त्यावर 'निरामय' हा सरकारी आरोग्य विमा मिळाला, वर्षाला एक लाखापर्यंत. हे सगळं पाटल्या मोडण्याआधी करायचं होतं. पोरगं आता कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटाचं कार्ड दाखवतं आणि दुकानदार काका ते बघितल्याशिवाय पुडा देत नाहीत, बालवाडीच्या बाईंनीच त्यांना शिकवून ठेवलंय.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घालतेय. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, वकील नसला तरी चालतो, मुदत दोन वर्षांची. रिपोर्ट, पावत्या, 'विष बाहेर पडतंय'वाले मेसेज एका फायलीत लावलेत. शेवटच्या बाटलीत एकोणीस कॅप्सूल उरल्यात. सासूबाई म्हणतात, फेकून दे ते मेलं. मी ती कुलपात ठेवलीय, बाटलीवर डॉक्टरचं नाव नाही हे आयोगाला दाखवायचंय.