लॅपटॉप उशिरा सुरू होतो म्हणून ‘कस्टमर केअर’ला फोन लावला आणि ४९,७९९ रुपये गेले

४,९९९, मग १०, मग १९,८००, मग २४,९९०. एकूण ४९,७९९ रुपये. आकडा आधीच लिहून टाकते कारण प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो, कितीला बसला? एवढ्याला बसला. आणि लॅपटॉप दुसऱ्या दिवशीही सुरू व्हायला तेवढाच वेळ घेत होता.

असले फोन, असले फ्रॉड कसे चालतात ते तुम्हाला सांगायला नको, रोज व्हॉट्सॲपवर फिरत असतं, मीसुद्धा फॉरवर्ड केलंय. पण त्यात नेहमी असं असतं की ते आपल्याला फोन करतात, लॉटरी, केवायसी, लाइट कापू वगैरे. इथे मी फोन लावला होता, स्वतः, नंबर शोधून. म्हणून तर डोक्यात घंटा वाजली नाही.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते, घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटी रिटर्न बघते. लॅपटॉप जुना, २०१८ चा, बटण दाबून चहा टाकायचा, गाळायचा, तरी ते गोल गोल फिरतंच आहे. डेस्कटॉप आला तरी एक फोल्डर उघडायला मिनिट. त्यात ११ तारीख जवळ आलेली, म्हणजे जीएसटीआर-१, विक्रीचा रिटर्न, भरायचा, आणि पार्ट्यांचे, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांचे, फोन चालू, मॅडम हुआ क्या, मॅडम हुआ क्या. ज्यांच्यावर तारखेची तलवार असते त्यांना कळेल मी दुकानात नेऊन ‘दोन दिवस ठेवून जा’ ऐकायला का तयार नव्हते. तर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव टाकून सोबत कस्टमर केअर इंदूर असं सर्च केलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. तो वरचा नंबर पैसे देऊन लावलेली जाहिरात होती, बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, बघा एकदा चष्मा लावून. कंपनीचा नंबर हवा तर लॅपटॉपच्या खोक्यावर, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, सर्चमधून कधीच नाही.

मुलगा फार अदबीने बोलत होता. पाठीमागे चार फोनचा आवाज, अगदी ऑफिस. एनीडेस्क टाकायला लावलं, म्हणजे आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला लांबून चालवू देणारं ॲप, त्यातला नंबर विचारला, माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. एनीडेस्क स्वतः खोटं ॲप नाही, आमचे टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवाले पण त्यानेच काम करतात, म्हणून त्याचंही काही वाटलं नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच यावर इशारा दिला होता म्हणे. दिला असेल, आमच्यापर्यंत कोणी आणून दिला?

मग त्याने विंडोजची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर, उघडून दाखवला. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, एरर, वॉर्निंग, शेकड्याने. म्हणाला, ये सब इन्फेक्शन है मॅडम. सर्व्हिसेसची, म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या कामांची, यादी उघडली, अर्ध्यापुढे ‘स्टॉप्ड’, म्हणे व्हायरसने बंद केल्या. मग काळी खिडकी उघडून नेटस्टॅट, म्हणजे चालू कनेक्शन दाखवणारी कमांड, टाइप केलं, धडाधड ओळी आल्या आणि वर हेडिंग ‘फॉरेन ॲड्रेस’. बोला. म्हणाला, मॅडम, विदेश से लोग जुड़े हुए हैं आपके लॅपटॉप से, इसीलिए स्टार्ट नहीं होता.

आता ऐका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असे एरर नव्याकोऱ्या लॅपटॉपवर पण असतात, विंडोज बारीकसारीक सगळं तिथे नोंदवतं. बऱ्याच सर्व्हिसेस गरज नसली की बंदच असतात. आणि नेटस्टॅटमधलं फॉरेन म्हणजे परदेश नाही, नुसतं समोरचं टोक, तुम्ही जीमेल उघडून बसलात तरी तिथे ओळी दिसतात. त्या यादीत खरा बाहेरचा माणूस एकच होता, तो स्वतः, त्याचं एनीडेस्कचं कनेक्शन. मला हे तेव्हा कळायचं काही कारण होतं का? मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही.

पण जे मला कळायला हवं होतं ते पुढे आलं आणि त्यावरूनच माझी झोप उडते. तीन वर्षांचा ‘प्रोटेक्शन प्लॅन’, ४,९९९, यूपीआयने. पैसे पाठवताना वर नाव आलं ते कंपनीचं नाही, कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं तर म्हणाला आमचे ऑथराइज्ड पार्टनर आहेत, पक्कं बिल मिळेल. आणि मिळालं! व्हॉट्सॲपवर पीडीएफ, कंपनीचा लोगो, पत्ता दिल्लीचा. ४,२३६.४४, त्यावर सीजीएसटी ३८१.२८ आणि एसजीएसटी ३८१.२८, बेरीज बरोबर ४,९९९. अहो दिल्लीचा सप्लायर, इंदूरचा गिऱ्हाईक, म्हणजे दोन राज्यांतला व्यवहार, तर आयजीएसटी लागतो ना, सीजीएसटी-एसजीएसटी एकाच राज्यात! आणि जीएसटी नंबर सुरू होत होता ०९ ने. दिल्ली ०७ आहे, ०९ उत्तर प्रदेश. मी दिवसभर हेच करते. नंबर बघून राज्य सांगते. ते बिल मी मोठं करून पाहिलं, सीजीएसटी-एसजीएसटी दिसलं, आणि मनात काय आलं, तर ‘बिल बनवणाऱ्याला अक्कल नाही’. बस. कारण खऱ्या कंपन्यांची, चांगल्या नावाजलेल्यांची बिलंसुद्धा माझ्याकडे अशीच येतात, चुकीच्या टॅक्सची, चुकीच्या नंबरची, आणि मी ती दुरुस्त करून घेते, तेच माझं काम आहे. चुकीचं बिल दिसलं की चोर म्हणायचं ठरवलं तर माझ्या निम्म्या पार्ट्या आत जातील. तरी पण. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं कोणाचा आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. तुम्ही टाका, कोणी बिल पाठवलं की पैसे द्यायच्या आधी टाका.

पुढचं पटकन सांगते कारण त्याची लाजच वाटते. तो म्हणाला फोनमध्ये पण इन्फेक्शन गेलंय, तिथेही एक ॲप टाकायला लावलं, जे फोनची स्क्रीन त्याला दाखवत होतं. मग प्लॅनचं रजिस्ट्रेशन १० रुपये, एका पानावर डेबिट कार्डाचा नंबर भरायचा. १० रुपयांत काय जातं, कोणीही भरेल. लॅपटॉपची स्क्रीन काळी केली, ‘स्कॅनिंग’, आणि म्हणाला, फोन स्पीकर पर डालकर उल्टा रख दीजिए, हाथ मत लगाइए, अपडेट बिगड़ जाएगा. ठेवला. काचेच्या टीपॉयवर. तो थरथरला की काच वाजायची. सासूबाई आतून म्हणाल्या, अगं तुझ्या फोनवर काहीतरी येतंय. मी म्हटलं राहू द्या आई, अपडेट चालू आहे. ते ओटीपी येत होते, आणि त्यावरच १९,८०० आणि २४,९९० गेले.

आता बँक. कॉल सेंटरला हिंदीसाठी दोन दाबा, कार्डासाठी तीन दाबा, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, आणि बासरी. तिकडे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारतायत आणि मी बासरी ऐकते आहे. म्हणून नीट वाचा, बँकेच्या आधी १९३० लावा. सायबर फ्रॉडसाठी तोच नंबर आहे, तिथून पैसे पुढच्या खात्यात अडवायला लावता येतात, पण जितकं लवकर लावाल तितकं जास्त अडतं. माझे २४,९९० पैकी ६,२०० अडकवले गेले, कारण मी बासरीत वेळ घालवला. बाकी गायब. आणि १९३० लावायच्या आधी वायफाय बंद करा आणि ती ॲप उडवा, नाहीतर तो अजून आत बसलेलाच असतो.

शाखेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणते, ॲक्सेस आपने खुद दिया है ना मॅडम, फिर बँक क्या करे. मॅनेजर जेवायला. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला सर्क्युलर काढलं, त्यात स्पष्ट लिहिलं की गिऱ्हाइकाच्या निष्काळजीपणाने गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान गिऱ्हाइकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, आणि जबाबदारी गिऱ्हाइकाची होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. मी प्रिंट काढून नेली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, जसं काही मी घरी छापली. लेखी अर्ज देते म्हटलं तर घ्यायलाच तयार नाहीत, ई-मेल करा. ई-मेलला उत्तर, आपकी शिकायत हमारे लिए महत्त्वपूर्ण है. तेच परत! तोंडी काही बोलू नका, लेखीच द्या, पोच घ्या, ३० दिवस गेले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाका, मी टाकलीये.

आणि पोलीस. ठाण्यात म्हणाले हे सायबरचं, सायबरवाल्यांनी म्हटलं रक्कम छोटी आहे, ठाण्यातच द्या. ४९,७९९ छोटी रक्कम! मग पावती, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आधारची झेरॉक्स, मग म्हणे स्टेटमेंटवर शिक्का गोल हवा. आणि वर प्रवचन, आप तो पढ़ी-लिखी हैं, लॅपटॉप स्लो था तो दुकान पे ले जातीं. हो, नेला असता, तुमच्या सल्ल्याची वाट बघत होते. त्या ट्रेडर्सचं खातं, यूपीआय आयडी, फोन नंबर, खोटं बिल, सगळं मी फाइल लावून दिलं, माझ्यासारखी फाइल त्यांना कोणी दिली नसेल, पानांवर नंबर टाकलेली. त्या हवालदाराने ती कपाटावर ठेवली, कपाटात पण नाही. तो नंबर त्यानंतरही सर्चमध्ये वर येत होता, मी स्क्रीनशॉट नेऊन दाखवला, तर म्हणे गूगल को लिखिए.

लॅपटॉपचं काय होतं ते पण सांगून टाकते, कारण त्यासाठीच सगळं रामायण झालं. पुतण्या आला, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबलं, टास्क मॅनेजर, तिथे डिस्क १०० टक्के. जुनी फिरणारी हार्ड डिस्क. आणि स्टार्टअपच्या यादीत प्रिंटरची तीन सॉफ्टवेअर, टीम्स, दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर, सगळे सोबत उठायचे. नको ते डिसेबल केलं तेवढ्यानेच फरक पडला, त्याला एक पैसा लागला नाही. मग सिल्व्हर मॉलमधून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून आणली, ५०० रुपये मजुरी धरून ३,४०० रुपये, जुना डेटा जसाच्या तसा. आता चहाचं पाणी गरम व्हायच्या आत लॉगिन. हे यांनी दिवाळीतच सांगितलं होतं की एसएसडी टाकू, पण आता ते दर जेवणाला सांगतात.

विंडोज मात्र पूर्ण नवीन टाकून घ्या, फक्त ॲप काढून भागत नाही, आणि बँकेचे, जीएसटीचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवरून बदला. माझ्या पार्ट्यांचे लॉगिन पण त्यात होते, प्रत्येकाला फोन करून पासवर्ड बदलायला लावले आणि प्रत्येकाने विचारलं, क्यों मॅडम? काय सांगणार.

अडकवलेले ६,२०० परत मिळायला मला कोर्टात अर्ज द्यावा लागला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. वकील ओळखीचे आहेत म्हणून २,००० घेतले. आणि गेल्या आठवड्यात एक फोन आला, दिल्ली सायबर सेल से बोल रहे हैं, आपके ४९,७९९ रिकव्हर हो गए हैं, फक्त १,१८० प्रोसेसिंग फी. पैशापर्यंत आकडा बरोबर. ज्यांनी लुटलं त्यांच्याशिवाय तो आकडा कोणाला पाठ असणार? असा फोन तुम्हालाही येईल, एकदा फसलेल्यांची यादी त्यांच्याकडे असते. मी म्हटलं बिल पाठवा, आयजीएसटी लावून. त्याने फोन ठेवला.